सुनेचा कॅमेरा कोरडा ठेवताना

चहा बशीत ओता आणि निवांत बसा, कारण मी हळू बोलतो. आमची म्हातारी म्हणते, यांचं एक वाक्य संपेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. पण आज जी फजिती सांगणार आहे ना, ती घाईनं सांगण्यासारखी नाहीच. भरल्या गावासमोर, लाऊडस्पीकर लावून, रंगीत दिव्यांच्या उजेडात झालेली फजिती आहे ती. इतक्या थाटात कोणाची फजिती झाली असेल तर त्यानं पुढे यावं, मी माझी खुर्ची सोडतो!

आमचं गाव आंधळगाव. धानाचं गाव. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग जो धानाच्या चिखलात उतरलो तो गुडघे बोलायला लागल्यावरच बाहेर आलो. मुलगा विलास वरठीला कारखान्यात आहे, मोटरसायकलनं जातो-येतो. सून माधुरी मोहाडीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. पोरगी गुणाची. पण छंद कसला म्हणता? कोणाला भरतकामाचा असतो, कोणाला रांगोळीचा. हिला तेजोमेघांचा!

तेजोमेघ म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तिनंच एकदा सांगितलं. आकाशात फार दूर वायूचे, धुळीचे ढग असतात. त्यांच्यातून नवे तारे जन्माला येतात.

"म्हणजे ताऱ्यायचे पऱ्हेच की वो," मी म्हणालो. धानाची रोपं आधी एका कोपऱ्यात दाट वाढवतात, त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो.

"एकदम बरोबर, मामाजी!" आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. "ताऱ्यायचे पऱ्हेच ते!"

त्या दिवसापासून मी तिच्या पक्षात. म्हातारी मात्र विरोधी पक्षात होती. "लोकायच्या सुना गच्चीवर पापड वाळू घालते," ती म्हणायची, "अन् आमची चांदण्या वाळू घालून राहिली!"

या थंडीत माधुरीनं एकच फोटो हाती धरला होता. मृगात तीन तारे ओळीनं दिसतात ना, त्यांच्या खाली एक तेजोमेघ आहे, त्याचा. हा फोटो एका रात्रीत होत नाही. रोज थोडा थोडा उजेड साठवायचा, जसं पावसाळ्यात तळं भरत जातं. नागपूरला आकाश पाहणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मंडळाचे सर तिला म्हणाले होते, फोटो नीट झाला तर भिंतीवर जागा तुमची. पण चंद्र मोठा व्हायच्या आत काम उरकायला हवं, कारण चांदणं पडलं की तेजोमेघ फिका.

म्हातारीनं आपलाही हुकूम सोडला होता. "फोटो भिंतीवर लागला तर ठीक. नाई तर ते दुर्बीण माळ्यावर जाईन, अन् सूनबाई खाली येईन!"

त्या दिवशी माधुरीच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. मला समजलं पोरीच्या मनात काय आहे ते.

आता कॅमेऱ्याचं ऐका. तो आपल्या मोबाइलसारखा नसतो. तांब्याएवढा लाल डबा. आत त्याला थंड करायचं यंत्र. गरम राहिला तर फोटोत बारीक कचकच येते म्हणे.

"मामाजी, त्याले आतून बर्फापेक्षाई थंड करा लागते."

"मग त्याले सर्दी होत असन!"

मी आपलं भाबडेपणानं विचारलं. पण ती हसली नाही. "होते ना! तेच तर भेव हाये. आत जराशी ओल गेली की ते त्याच्या डोळ्यावर गोठून बसते. मंग काई दिसत नाई. त्याले कायम कोरडा ठेवा लागते."

म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात राहायचा, आणि सोबत कापडाच्या पुरचुंडीत काचेसारख्या गोळ्या. डब्यातली ओल त्या गोळ्या पिऊन घेतात. कोरड्या असल्या की निळ्या, पाणी प्यायल्या की गुलाबी. गुलाबी झाल्या की कढईत मंद आचेवर परतायच्या, पुन्हा निळ्या होतात. आहे की नाही गंमत?

"मामाजी," ती म्हणाली, "मी दिवसभर मोहाडीले असते. हे कोरडं ठेवाचं काम तुमी पाहान का?"

तुम्हाला एक सांगतो. या वयात माणसाला कोणी काम सांगत नाही. बसा म्हणतात, जेवा म्हणतात, गोळी घेतली का म्हणतात. ही पोरगी तिचा जीव ज्यात अडकला तो डबा माझ्या हातात देत होती.

"पाहीन," मी म्हणालो. माझ्या मानानं ते भाषणच होतं.

काही दिवस सगळं छान चाललं. मग ती मावसबहिणीच्या लग्नाला एकोडीला माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "मामाजी, आच मंद!" अहो, मी माणूसच मंद, मला आच मंद ठेवायला काय अवघड?

पण नशीब पाहा. मोठं भांडं नको म्हणून मी म्हातारीची लोखंडी कढई उतरवली. ती कढई कोणती? लाह्या फोडायची! तिचा कान हाताला लागला आणि हात सगळं विसरला, त्याला फक्त लाह्या आठवल्या. लाह्या कशा फोडतात? आच मोठी, कढई लाल, आणि दाणा टाकला की भराभर ढवळ. मी टाकल्या गोळ्या. मी ढवळल्या.

तडतड तडतड तडतड! एक गोळी माझ्या चष्म्यावर. एक देवघराच्या दिशेनं. एक सरळ म्हातारीच्या वरणात.

"वरणात मिरी कायले टाकली?" म्हातारीनं पळीवर उचलून पाहिली.

"मी नाई टाकली. तेच आली."

कढईत उरलेल्या गोळ्या पाहिल्या. निळ्या व्हायच्या होत्या त्या काळ्या ठिक्कर झाल्या होत्या. अर्ध्या फुटल्या होत्या, अर्ध्या फुटायच्या विचारात होत्या. तेवढ्यात एकोडीहून फोन आला. मागे हळदीची गाणी ऐकू येत होती.

"मामाजी, गोळ्या कशा हायेत?"

"हायेत."

"कोरड्या?"

"एकदम कोरड्या."

यात खोटं काय होतं, सांगा? कोळसा कधी ओला असतो का?

फोन ठेवला आणि डब्याकडे पाहिलं. कॅमेरा डब्यात उघडावाघडा, ओल पिणारं कोणी नाही, आणि बाहेर धुकं असं की शेजारची म्हैस नुसती ऐकू यायची. ओल शिरली तर? डोळ्यावर गोठली तर? पोरीचा फोटो गेला, भिंत गेली, दुर्बीण माळ्यावर गेली. आणि हे सगळं कोणाच्या हातून? ज्याच्यावर तिनं विश्वासानं काम सोपवलं त्याच्याच हातून!

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. तुमचा मोबाइल पाण्यात पडला तर कुठे ठेवता? तांदळात! अख्खा जिल्हा तांदळाचा, आणि मी कपाळाला हात लावून बसलो होतो!

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं कॅमेरा नव्या तांदळात खुपसला आणि फसला. छे! मी काय काल धान पाहिलं? नव्या तांदळाच्या अंगात ओल असते, शिजवला की त्याचा गिचका होतो, हे आमच्याकडे शेंबड्यालाही ठाऊक. मी निवडून निवडून जुन्या तांदळाची कोठी उघडली. असा खडखडीत तांदूळ, की मूठभर उचलला तर वाळूसारखा सळसळावा. भुकटी लागू नये म्हणून कॅमेरा म्हातारीच्या जुन्या, विरलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. आणि त्याच्या तोंडावरचं झाकण काढून ठेवलं. काहून? अहो, पोत्याचं तोंड बांधून उन्हात ठेवलं तर आतलं धान वाळते का? तोंड उघडं पाहिजे!

इतका विचार करून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही.

माधुरी यायच्या दिवशी सकाळीच कॅमेरा काढला. फुंकर मारली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला, झाकण लावलं, डब्यात ठेवला. आल्या आल्या तिनं काळ्या गोळ्या पाहिल्या आणि खुदकन हसली.

"लाह्या फोडल्या का मामाजी?"

"फुटल्या," मी म्हणालो.

"राहू द्या. दुसरी पिशवी हाये माझ्यापाशी."

तांदळाचं मी बोललो नाही. लपवायचं नव्हतं हो! मनात वाक्य जुळवत होतो, पण ते जुळेपर्यंत पोरगी जिना चढून वर गेली होती. जेवणं झाल्यावर तिनं दुर्बीण लावली, कॅमेरा जोडला. तो आपला आपण एकामागून एक फोटो काढत राहतो. ती खाली येऊन झोपली.

सकाळी तिनं मला हाक मारली. आवाज वेगळाच होता.

"मामाजी, हे पाहा बरं."

कॉम्प्युटरवर तो ढग दिसत होता, राखाडी, मंद उजेडाचा. आणि त्याच्यासमोर काहीतरी काळं. लांबट, पुसट, एका टोकाला निमुळतं. पुढच्या फोटोत ते जरा मध्ये आलेलं. त्याच्या पुढच्या फोटोत आणखी पुढे.

"मले आधी वाटलं धूळ असन," माधुरी म्हणाली. "पण धूळ चालते का?"

"नाई."

"हे तं चालून राहिलं!"

आम्ही दोघं त्या काळ्या गोष्टीकडे पाहत बसलो. तेजोमेघाच्या या काठापासून त्या काठापर्यंत ती गेली होती, मध्ये थांबली होती, आणि चक्क परतही फिरली होती. केवढा मोठा तो ढग! ही सांगते, उजेडालाही तो ओलांडायला वर्षांमागून वर्षं लागतात. आणि हा कोण पठ्ठ्या, जो तो रात्रीत ओलांडून मागेही फिरतो?

"मी नागपूरच्या सरायले पाठवते," ती म्हणाली. "मामाजी, सध्या कोणाले सांगू नका."

मी? मी कोणाला काय सांगणार? माझं बोलणं म्हणजे वर्षाकाठी एकदा येणारा पाहुणा.

पण त्या दिवशी पाहुणा आला! चौकात चहाच्या टपरीवर शालिक भेटला. शालिक माझा लहानपणचा सोबती, गावच्या नाटक कमिटीचा पुढारी. तोंडाला कुलूप नाही, किल्ली तर कधीच हरवलेली.

"का गा दशरथा, सुनेच्या चांदण्या वाळल्या का?" तो ओरडला. टपरीवरचे सगळे हसले. "आंधळगावात राहून लय दूरचं दिसते बापा तुमाले!"

रोज हसतात, रोज मी गप्प राहतो. पण त्या दिवशी मला सुनेला हसलेलं सहन झालं नाही. मी कप खाली ठेवला.

"तिले आभाळात काईतरी नवीन सापडलं," मी म्हणालो.

टपरी गप्प! बोलक्या माणसानं हे सांगितलं असतं तर लोकांनी दुसरा चहा मागवला असता. पण दशरथ बोलला! गप्प माणसाचं हेच संकट असतं. त्यानं तोंड उघडलं की लोकांना वाटतं, खरंच काहीतरी झालं असणार.

"नवीन म्हणजे काय बे? तारा?" शालिकनं खुर्ची जवळ ओढली.

"काई समजत नाई. पण चालते."

"चालते?"

"चालते. अन् मंधात थांबते. अन् परत फिरते. नागपूरच्या सरायले कळवलं तिनं."

बस्स. मी एवढंच बोललो. शपथेवर सांगतो, एवढंच! दुपार व्हायच्या आत गावात बातमी काय? दशरथच्या सुनेनं नवा तारा शोधला, नागपूरहून मोठे सर तो ताब्यात घ्यायला येऊन राहिले! थंडीत आमच्याकडे नाटकांचा मोसम असतो. त्याच दिवशी रात्रीचं नाटक ठरलेलं, मंडप उभा, स्टेज उभं, लाऊडस्पीकर बांधलेला. शालिकला आयतं रान मिळालं. नाटकाच्या आधी सत्कार! शाल आली, नारळ आला, आणि भोंगा लावून रिक्षा गल्लोगल्ली फिरली.

तो भोंगा आमच्या दारावरून गेला तेव्हा माधुरी नुकतीच मोहाडीहून आली होती.

"मामाजी! हे काय करून ठेवलं?" तिच्या डोळ्यात पाणी. "सर तारा पाहाले नाई येऊन राहिले. ते कॅमेरा तपासाले येऊन राहिले. काई बिघाड असन तर आज साफ करून देतो म्हणाले. आजची रात चुकली तर चंद्र आला, मंग फोटो गेलाच ना!"

मी ओसरीवर जाऊन बसलो. तिथे म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. जुना तांदूळ. कोठीतला.

"कोठीचं झाकण उघडं कोणं ठेवलं होतं?" ती करवादली. "सोंडेच सोंडे पडले तांदळात!"

सोंडे तुम्हाला ठाऊक असतीलच. तांदळात पडणारा तो काळपट बारीक किडा, पुढे एवढीशी सोंड असलेला. मी सहज सुपात पाहिलं. एक सोंडा पांढऱ्या तांदळावरून चालला होता. चालता चालता मध्ये थांबला. विचार केला. आणि परत फिरला.

ती चाल मी ओळखली! सकाळी तीच चाल तेजोमेघावर पाहिली होती!

मी उठलो. "पोरी," मी हाक मारली, "त्या कॅमेऱ्यात..." तेवढ्यात शेजारणी आल्या, माधुरीला हळदीकुंकू लावायला. त्या गेल्या. "पोरी, त्या तांदळात..." तेवढ्यात शालिक आला, शालीचा रंग दाखवायला. तो गेला. "पोरी..." तेवढ्यात नागपूरचे सरच आले! चष्मा लावलेला, शांत माणूस. पण त्यांना घरात येऊच दिलं कोणी? शालिकच्या माणसांनी त्यांना, माधुरीला, कॅमेऱ्याला आणि मला एकाच घोळक्यात घालून सरळ मंडपात नेलं.

अख्खं गाव सतरंज्यांवर बसलेलं. पुढे मुलं, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. स्टेजच्या कडेला नाटकातला खलनायक मिशा लावून उभा, सत्कार कधी संपतो याची वाट पाहत. सर माधुरीला हळू आवाजात विचारत होते, "कॅमेरा उघडला होता का कुठे?" ती मानेनं नाही म्हणत होती.

शालिकनं माइक घेतला. कुठे सुरुवात केली म्हणता? पृथ्वी कशी निर्माण झाली तिथून! मग त्यानं माइक माझ्या तोंडाला लावला. "आता या ताऱ्याच्या आजोबायनं दोन शब्द सांगावे!"

झाली वेळ, म्हटलं. आता नाही तर कधीच नाही. पोरीला खोट्या शालीत गुंडाळू द्यायची नाही.

"तो तारा..." मी म्हणालो.

टाळ्या!

"...नाई."

टाळ्या थांबल्या.

"तो किडा हाये," मी म्हणालो. "आमच्या घरचा."

मग शालिकनं माइक ओढला. "पाहा! केवढं साधं माणूस! एवढा मोठा तारा, अन् त्याले किडा म्हणते! यालेच म्हणतात नम्रपणा!" आणि कोसळल्या टाळ्या. त्या टाळ्यांत मी मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

आता नाटकवाल्यांकडे मागच्या पडद्यावर चित्र पाडायचं यंत्र होतं, राजवाडा आणि जंगल दाखवायला. शालिकला हौस. माधुरीनं सरांना दाखवायला आणलेले फोटो त्यानं आल्या आल्याच मागून घेतले होते. दिवे मालवले. आणि पडद्यावर, राजवाड्याच्या जागी, हत्तीएवढा तो प्राणी उभा राहिला! एकामागून एक फोटो. चालला. थांबला. परत फिरला.

बाप्ये "वाऽऽ" म्हणाले. एकानं तर हात जोडले.

पण बायकांच्या बाजूनं आधी एक खसखस उठली. मग दुसरी. अहो, ज्या बायकांचा जन्म सुपात डोळे घालून गेला, त्यांच्यासमोर तुम्ही सोंडा हत्तीएवढा करून दाखवा नाहीतर डोंगराएवढा! त्या ओळखणार नाहीत?

आणि त्या हशातून आमच्या म्हातारीचा आवाज आला. तिला माइक लागत नाही.

"अवो! हा तं सोंडा हाये! आपल्या कोठीतला! तरी म्हणलं, झाकण कोणं उघडलं!"

मग काय विचारता! मंडप हसला, मुलं हसली, खलनायकाची एका बाजूची मिशी गळून पडली. शालिक तेवढा हसला नाही. तो शालीची घडी घालत होता.

माधुरीनं माझ्याकडे पाहिलं. "मामाजी," ती म्हणाली, "तुमी माझा कॅमेरा तांदळात ठेवला?"

"जुन्या," मी म्हणालो. "नव्यात ओल असते."

सर मात्र एकदम कामाला लागले. त्यांनी तिथेच टेबलावर पांढरा कागद पसरला, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं आणि हळूच टिचकी मारली. टप. कागदावर एक काळा दाणा पडला. मेल्यासारखा निपचित. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. जरा वेळानं त्यानं एक पाय काढला, मग दुसरा, आणि उठून चालायला लागला, जणू सत्कार त्याचाच होता.

"याला आत फार सुख होतं," सर म्हणाले. "डोळा थंड असतो, पण समोरच्या काचेला बारीक ऊब दिलेली असते, बाहेरचं दव बसू नये म्हणून. या कडाक्याच्या थंडीत त्याला अख्ख्या आंधळगावात सगळ्यात उबदार जागा सापडली."

"अन् माझा फोटो?" माधुरीनं विचारलं. हसणारे हसायचे थांबले, कारण आता कोणालाही हसू येईना. पोरीची थंडीभरची मेहनत होती ती. आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

सरांनी पडद्यावरचे फोटो परत एकदा पाहिले. "हा एका जागी बसून राहिला असता तर फोटो गेला होता," ते म्हणाले. "पण हा रात्रभर फिरत राहिला. सगळे फोटो एकावर एक ठेवले की जे सगळ्यांत आहे ते टिकतं, आणि जे एखाद्यातच आहे ते कॉम्प्युटर काढून टाकतो. याची सावली प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी आहे. ती निघून जाईल. तुमचा तेजोमेघ शाबूत आहे, ताई."

माधुरीनं आधी डोळे पुसले. मग, मला वाटलं आता माझ्यावर येणार, पण ती त्या किड्याकडे पाहून म्हणाली, "चाल बापा, चाल. लय चालला तू." आणि हसायला लागली, अशी हसली की तिच्यासोबत मंडप पुन्हा सुरू झाला. खलनायकानं मिशी चिकटवली आणि शालिकनं नाइलाजानं शाल माधुरीला दिली. परत नेली असती तर बायकांनी मंडप पाडला असता.

फोटो नागपूरला भिंतीवर लागला. आम्ही सगळे गेलो पाहायला. काय सांगू, काय रंग होते त्याचे! लाल, निळा, कडेला राखाडी धूर, आणि मधोमध नवे कोवळे तारे. म्हातारी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "दुर्बीण गच्चीवरच राहू दे. माळ्यावर जागा नाई."

पण सर मोठे खोडकर निघाले. त्यांनी त्या सुंदर फोटोच्या शेजारी, त्याच आकाराचा, तो सोंडेवाला फोटोही लावला होता! आणि लोक कुठे गर्दी करत होते म्हणता? सुनेच्या फोटोपुढे लोक "अहाहा" म्हणून पुढे सरकायचे. सोंड्यापुढे रांग! म्हातारी रांगेच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "कोठी आमची हाये."

मी कोपऱ्यात उभा होतो. कोट घातलेले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. मला पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण सोंड्याच्या फोटोकडे बोट दाखवून त्यांनी फार आदरानं विचारलं, "बाबा, हा फोटो तुम्ही काढला?"

"नाई जी," मी म्हणालो. "फोटो सुनेनं काढला."

मग म्हटलं, खरं ते सांगून टाकावं.

"किडा मी सोडला."